पानं मोजणं सोडल्यावर : एका वाचन-प्रकल्पाच्या नोंदी

३ जून

आजपासून ही वही. गेल्या वर्षी वाचलेल्या ४१ पुस्तकांची यादी माझ्याकडे आहे. काल रात्री ती समोर घेतली आणि प्रत्येक नावापुढे त्या पुस्तकातली आठवणारी एक गोष्ट लिहायला बसले. सारांश नको, अभिप्राय नको. एखादं दृश्य, एखादा मुद्दा, काहीही चालेल असं ठरवलं होतं. १९ नावांपुढे काहीतरी लिहिता आलं. २२ जागा कोऱ्या राहिल्या. त्यांतली काही पुस्तकं मी आवडीनं वाचली होती हे पक्कं आठवतं. काय आवडलं होतं, ते मात्र पुसून गेलंय.

याचं मनापासून वाईट वाटलं. जी १९ पुस्तकं आठवतात त्यांच्यात आणि जी २२ आठवत नाहीत त्यांच्यात फरक काय, हे मला शोधायचंय. म्हणून साधारण तीन महिने रोज वाचायचं आणि कसं वाचलं त्याची नोंद ठेवायची. नियम तूर्त दोनच: रोज सकाळी अर्धा तास, आणि किमान २० पानं.

७ जून

'सकाळी साडेसहा' असं घड्याळाला बांधलेलं वाचन चार दिवसांत दोनदा हुकलं. साडेसहाला कधी कामाचा फोन येतो, कधी लेक लवकर उठते. आज बदल केला. घड्याळ सोडलं आणि वाचन एका कामाला जोडलं: लेकीला शाळेत सोडून आले, चपला काढल्या, की थेट खिडकीजवळच्या खुर्चीत. पुस्तक आदल्या रात्रीच खुर्चीवर ठेवायचं. फोन दुसऱ्या खोलीत.

'अमुक झालं की तमुक करीन' अशा नेमक्या संकल्पांवर मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी पुष्कळ काम केलंय. त्यांचा गाजलेला लेख १९९९ चा आहे. नुसतं 'मी वाचीन' असं म्हणण्यापेक्षा कधी आणि कुठे ते आधीच ठरवून ठेवलं तर काम हातून होण्याची शक्यता वाढते, असं त्यात दिसतं. कारणही सरळ आहे. ठरवण्याचं काम आधीच उरकलेलं असतं, त्यामुळे त्या क्षणी मनाशी वाद घालावा लागत नाही.

१५ जून

खुर्चीचा नेम चांगला बसलाय. गेल्या आठ दिवसांत एकही बैठक चुकली नाही. आत्तापर्यंत २६३ पानं.

पण हा आकडा लिहिताना आनंद झाला नाही. मी मोठ्या टायपाची, सैल ओळींची पुस्तकं निवडायला लागलेय. तळटीपा वगळतेय, कारण त्या वाचल्यानं पान लवकर उलटत नाही. आज एका परिच्छेदापाशी थांबावंसं वाटलं होतं, तो पुन्हा वाचावासा वाटला होता. पण अजून १४ पानं व्हायची होती, म्हणून पुढे सरकले. आता रात्री तो परिच्छेद कशाबद्दल होता ते सांगता येत नाहीये. कोऱ्या राहिलेल्या २२ जागा अशाच तयार झाल्या असतील का?

१९ जून

आज सुट्टी, त्यामुळे लेक घरी. मी वाचत असताना ती समोर जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आई, तुझे डोळे उड्या मारतायत."

मी म्हटलं, "उड्या नाही गं, ओळीवरून सरकतायत."

"सरकत नाहीयेत. थांबतायत, उडतायत, थांबतायत. परत थांबतायत."

मी पुस्तक तिच्या हातात दिलं आणि तिचे डोळे पाहिले. ती म्हणाली ते शब्दशः खरं होतं. चाळीस वर्षं वाचतेय आणि वाचताना डोळे सरकत जातात अशीच माझी समजूत होती, कारण मला तसं जाणवतं. बैठक तिथेच संपली. आजची पानं: ६. तरीही आजच्याइतकी जागी मी या महिन्यात कधीच नव्हते.

२० जून

काल दुपारपासून याच विषयाचं वाचतेय. लेकीनं उघड्या डोळ्यांनी जे टिपलं ते शास्त्राच्या नजरेला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पडलं. फ्रेंच नेत्रवैद्य एमील जावाल यांच्या प्रयोगशाळेचं नाव यात सगळ्यात जास्त घेतलं जातं. जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ एवाल्ड हेरिंग यांनी १८७९ मध्ये पापण्यांवर रबरी नळ्या टेकवून वाचताना डोळ्यांच्या स्नायूंचा आवाज ऐकला होता. कानानं! हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून दोन मिनिटं तशीच बसले. वाचन ऐकता येतं हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

आता समजलेलं लिहून ठेवते. आपल्याला स्पष्ट दिसतं ते नजरेच्या मध्यावरच्या अगदी चिमुकल्या भागात, फार तर दोन अंशांत. म्हणून डोळ्याला तो भाग उचलून पुढच्या शब्दांवर नेऊन ठेवावा लागतो. प्रत्येक मुक्काम साधारण पाव सेकंदाचा. मधली उडी सेकंदाच्या काही शतांशांत संपते, आणि मजकूर टिपला जातो तो मुक्कामावर. इंग्रजीसारख्या लिपीत एक उडी सात-नऊ अक्षरांची असते. दहातली एखादी उडी, कधी थोड्या जास्त, मागे जातात. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्याला मुक्कामाच्या उजव्या बाजूचं जास्त दूरचं दिसतं, आणि हिब्रू वाचणाऱ्याला डाव्या बाजूचं. म्हणजे डोळा पुढच्या मजकुराच्या दिशेनं आधीच कललेला असतो, आणि हा कल सवयीनं आलेला असतो, जन्मतः नाही.

मागे जाणाऱ्या उड्यांनी मला धीर दिला. मी त्यांना आळस समजत होते. जलद वाचायला शिकवणारे लोक त्या बंद करायला सांगतात. पण वाक्य नीट लागलं नाही की डोळा आपणहून परत जातो आणि दुरुस्ती करून येतो. १५ तारखेच्या त्या परिच्छेदापाशी मी नेमकं हेच होऊ दिलं नव्हतं.

जावाल यांच्याबद्दल आणखी एक. त्यांची स्वतःची दृष्टी काचबिंदूनं गेली. त्यानंतर त्यांनी अंधांना रोजच्या जगण्यात उपयोगी पडेल असं पुस्तक लिहिलं. ज्यांनी वाचणाऱ्या डोळ्यासाठी इतकं केलं, त्यांचं वाचन असं थांबलं आणि तरी ते लिहीत राहिले. हे वाचून फार वेळ काही सुचलं नाही.

एक प्रश्न राहिला: उडी मारताना डोळ्यासमोरचं सगळं पुसट व्हायला हवं. मग आपल्याला ते कधीच का दिसत नाही? उत्तर सापडलं नाही. चिठ्ठीवर लिहून वहीच्या शेवटच्या पानाला लावलंय.

२२ जून

रात्री लेकीला गोष्ट मोठ्यानं वाचून दाखवत होते. तिनं मध्येच पानावर हात ठेवला. मजकूर झाकला गेला तरी माझ्या तोंडून पुढचे तीन शब्द बाहेर पडले. आम्ही तो खेळ दहा-बारा वेळा केला. कधी दोन शब्द, कधी चार. डोळा आवाजाच्या पुढे चालत असतो आणि मधलं अंतर स्मरणात धरलेलं असतं. सोप्या, ओळखीच्या मजकुरात अंतर वाढतं. अवघड वाक्य आलं की डोळा आवाजाला भेटायला मागे येतो. गोष्ट अर्धी राहिली, पण तिची तक्रार नव्हती.

२८ जून

चार दिवस खंड. ताप होता. पूर्वी असा खंड पडला की मी सगळाच नेम सोडून द्यायची, म्हणून यावेळी आधी शोध घेतला.

सवय २१ दिवसांत लागते असं सर्रास सांगितलं जातं. फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी लंडनमध्ये ९६ जणांना बारा आठवडे निरखलं. तो अभ्यास २०१० मध्ये छापून आला. एखादी गोष्ट आपोआप होऊ लागायला मध्यम आकडा ६६ दिवसांचा निघाला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: १८ दिवसांपासून २५४ पर्यंत. (बारा आठवडे म्हणजे ८४ दिवस, तेव्हा त्यापुढचे आकडे आलेखावरून काढलेले अंदाज आहेत, हे लक्षात ठेवायला हवं.) माझ्या कामाची ओळ वेगळी होती: मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्याच्या प्रक्रियेवर फारसा परिणाम झाला नाही.

चार दिवस म्हणजे एक दिवस नव्हे, हे मला कळतं. तरी आज चपला काढल्या आणि पाय खुर्चीकडेच वळले.

४ जुलै

नियम बदलला. २० पानांची अट रद्द. वहीत पानांचा रकाना होता, त्यावर काट मारून तिथे 'प्रश्न' असं लिहिलंय. रोजच्या बैठकीतून एक तरी प्रश्न निघाला पाहिजे, आणि तो पूर्ण वाक्यात लिहिला पाहिजे. 'शाई?' असं लिहून चालणार नाही. 'जुनी शाई कागद का खाते?' असं हवं.

हे करताना चार्ल्स डार्विन यांच्या वाचनाच्या वह्यांचा विचार मनात होता. १८३८ ते १८६० या काळात त्यांनी वाचलेल्या पुस्तकांच्या आणि वाचायच्या पुस्तकांच्या याद्या ठेवल्या होत्या. त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी वडिलांच्या वाचनाच्या सवयी तपशिलानं नोंदवल्या आहेत. आपल्या कामाशी संबंध असलेल्या मजकुराशेजारी ते समासात पेन्सिलीची रेघ ओढत आणि पुस्तक संपल्यावर शेवटी खुणा केलेल्या पानांची यादी करत. जड पुस्तक हातात धरायला सोपं जावं म्हणून ते मधून कापून त्याचे दोन भागही करत. त्यांना पुस्तकाच्या देखणेपणाशी कर्तव्य नव्हतं; त्यातून काय काढायचंय ते ठाऊक होतं. मी पुस्तक कापणार नाही, तो धीर माझ्यात नाही. पण शेवटच्या कोऱ्या पानावरची यादी आजपासून सुरू. ग्रंथालयाच्या पुस्तकाला वेगळी चिठ्ठी.

९ जुलै

'जुनी शाई कागद का खाते?' हा प्रश्न हस्तलिखितांवरच्या एका प्रकरणात भेटला होता. एका छायाचित्रात पानावर अक्षरांच्या जागी भोकं होती, अक्षरांच्याच आकाराची.

युरोपात कित्येक शतकं लिहायची मुख्य शाई लोखंडाची होती. त्यात चार गोष्टी: मायफळं, हिराकस (लोहाचा एक क्षार), डिंक आणि पाणी. मायफळातलं टॅनिन हे तुरट द्रव्य आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की काळा रंग धरतो. लिहिताना ही शाई फिकी असते. हवेतल्या प्राणवायूनं ती कागदावर गडद होत जाते. म्हणजे लिहिणारा आपलंच अक्षर हळूहळू काळं होताना बघत असणार. काजळीच्या शाईचा कण कागदावर नुसता बसतो, ओल्या फडक्यानं निघूही शकतो. लोहाची शाई तंतूंत शिरते, म्हणून करारमदार आणि दस्तऐवज तिनं लिहीत. आणि शिरते म्हणूनच पुढे घात करते: ती आम्लधर्मी असते, आणि जास्तीचं लोह कागदाच्या तंतूंचं विघटन वेगानं घडवून आणतं. शाई जाड तिथे कागद आधी जातो.

संगीतकार योहान सेबास्टियन बाख यांच्या हस्तलिखित स्वरलिपीचं हेच झालंय. बर्लिनच्या ग्रंथालयातली ती पानं वाचवताना संवर्धकांनी कागद जाडीतून चिरून त्याचे दोन पापुद्रे केले आणि मध्ये पातळ, मजबूत कागद घालून पुन्हा चिकटवले. एका पानाला आतून आधार देण्याचं हे काम करताना हात किती स्थिर लागत असेल, याची कल्पना करतेय.

रोमन लेखक प्लिनी यांनी पहिल्या शतकात मायफळाच्या रसात भिजवलेला पपायरस (लव्हाळ्यापासून केलेला जुना कागद) वापरून भेसळ ओळखायची रीत नोंदवली आहे. हिराकस मिसळलेली असेल तर पपायरस काळा पडतो. शाईचंच रसायन, पण परीक्षेसाठी वापरलेलं.

आजचा प्रश्न: मायफळ हे कोणत्या झाडाचं फळ?

१० जुलै

कोणत्याच झाडाचं नाही. नावात फळ असलं तरी मायफळ म्हणजे ओकच्या झाडावर आलेली गाठ. गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातली एक चिमुकली माशी कोवळ्या कळीत अंडं घालते, आणि झाड त्या अंड्याभोवती, अळीभोवती ही गाठ वाढवतं. अळीला आत घर मिळतं आणि खाणंही. वाढ पुरी झाली की माशी भोक पाडून बाहेर पडते. भोक पडण्याआधी तोडलेल्या गाठींत टॅनिन जास्त, म्हणून शाई करणारे अशा बिनभोकाच्या गाठी शोधत. म्हणजे कित्येक शतकांचं लेखन एका किड्याच्या पाळण्यातून आलंय.

आडव्या कापलेल्या गाठीचं चित्र लेकीला दाखवलं. तिनं विचारलं, "गाठीला भोक नाही, तर अळी आत कुठून गेली?"

मला उत्तर माहीत होतं, पण सांगितलं नाही. म्हटलं, "तुला काय वाटतं?" ती म्हणाली, "झाडानंच केली असेल."

११ जुलै

लेकीचं उत्तर इटलीतले वैद्य आणि निसर्गअभ्यासक फ्रान्चेस्को रेदी यांचं आहे! त्यांनी १६६८ मध्ये मांसाचे तुकडे काही उघड्या, काही झाकलेल्या भांड्यांत ठेवून दाखवलं की अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत, माश्यांच्या अंड्यांतून येतात. जीव जीवापासूनच येतो हे पटवणाऱ्या सुरुवातीच्या प्रयोगांत त्याचं स्थान मोठं आहे. त्याच रेदींना गाठीतल्या अळीचा उलगडा झाला नाही. झाडाच्या अंगची जी शक्ती फळ घडवते तीच ही अळी घडवत असावी, असं त्यांनी मानलं. पुढे मार्चेल्लो माल्पीगी यांनी माशीला कळीत अंडं घालताना पाहिलं आणि १६७९ मध्ये गाठींवरचं काम प्रसिद्ध केलं. गाठ नंतर वाढते. आत जायला भोक लागतच नाही.

लेकीला हे सांगितलं तेव्हा तिला चुकल्याचं काहीच वाटलं नाही. "तो एवढा मोठा माणूस, त्यालापण असंच वाटलं?" एवढंच विचारलं आणि दिवसभर खुशीत होती.

वाचता वाचता डोळे, शाई, माशी. तीन आठवड्यांपूर्वी यांतलं एकही पुस्तक माझ्या यादीत नव्हतं. यादी आता प्रश्न ठरवतायत.

१८ जुलै

आजची नोंद कडक लिहायला हवी. सहा दिवसांत एकही बैठक धड झालेली नाही. प्रश्न शोधायचा म्हणून फोन खुर्चीपाशी आणला आणि सगळं विस्कटलं. गाठींवरून मधमाश्यांवर, तिथून मेणावर, मेणावरून शिक्क्यांवर. प्रत्येक ठिकाणी दोन परिच्छेद. आत्ता आठवायचा प्रयत्न केला; शिक्क्यांबद्दल काय वाचलं ते एका ओळीतही सांगता येईना.

मानसशास्त्रज्ञ डॅनिअल बर्लाइन यांनी १९६० च्या सुमारास कुतूहलात एक भेद केला होता, तो इथे लागू पडतो. एक कुतूहल विशिष्ट असतं, त्याला एकच गोष्ट हवी असते. दुसरं नुसतं नवेपणा मागतं, काहीही चालतं, कंटाळा गेला की झालं. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. या आठवड्यात मी दुसऱ्याला पहिल्याचं नाव देत होते.

नवा नियम: बैठकीत प्रश्न पडला तर चिठ्ठीवर लिहायचा आणि वाचत राहायचं. शोध दुसऱ्या दिवशीच्या बैठकीत. रात्रभर टिकला तर तो खरा प्रश्न. फोन परत दुसऱ्या खोलीत.

२७ जुलै

चिठ्ठ्यांचा हिशेब: नऊ दिवसांत १७ प्रश्न, त्यांतले ५ दुसऱ्या सकाळी टिकले. बाकीचे १२ वाचताना मलाच प्रश्न पडला की हे मी का लिहिलं.

एक गोष्ट अपेक्षेबाहेरची. टिकलेला प्रश्न खुर्चीवर वाट बघत असतो, त्यामुळे बसायला स्वतःला ढकलावं लागत नाही. आदल्या दिवशी उत्तर शोधून टाकलं असतं तर सकाळी नुसतं पुस्तक उरलं असतं.

मथियास ग्रूबर आणि सहकाऱ्यांचा २०१४ चा प्रयोग याच्या जवळ जातो. लोकांना प्रश्न विचारून उत्तर लगेच न देता काही सेकंद थांबवलं. त्या वेळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा दाखवला. ज्या प्रश्नाचं कुतूहल जास्त, त्याचं उत्तर तर लक्षात राहिलंच, पण त्या वाट बघण्यात दिसलेला, प्रश्नाशी संबंध नसलेला चेहराही जास्त लक्षात राहिला. मला वाटतं माझ्या बाबतीतही तसंच घडतंय: प्रश्न शाईचा होता, पण त्या पानांवर ओझरता आलेला प्लिनींचा पपायरसही राहिला.

५ ऑगस्ट

संख्याशास्त्रावरचं एक पुस्तक पाच दिवस रेटलं. एकही प्रश्न नाही. रकाना पाच दिवस रिकामा. विषय नीरस आहे असा निष्कर्ष काढणार होते, पण ते खरं नाही; विषय महत्त्वाचा आहे हे मला माहीत आहे.

जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडलं की आपल्याला माहीत असलेलं आणि माहीत करून घ्यायचं असलेलं यांच्यातली फट जाणवली की कुतूहल जागं होतं. फट जाणवायला दोन काठ तर हवेत. २००९ च्या एका प्रयोगात सामान्य ज्ञानाच्या प्रश्नांवर हे दिसलं: उत्तर मुळीच माहीत नसेल तर कुतूहल कमी, पक्कं माहीत असेल तरी कमी, अर्धवट अंदाज असेल तेव्हा सगळ्यात जास्त. माझा अलीकडचा काठच नव्हता. ते पुस्तक बाजूला ठेवून शाळकरी मुलांसाठीचं पातळ पुस्तक आणलंय. यात मला कमीपणा वाटत नाही.

९ ऑगस्ट

पातळ पुस्तकातून तीन प्रश्न निघाले. त्यातला एक घेऊन परत जाड पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात शिरले, आणि तिथे सहा पानं खरोखर वाचली.

२१ ऑगस्ट

आठवणीचा प्रयोग. दोन आठवडे एक दिवसाआड दोन पद्धती वापरल्या: एका दिवशी प्रकरण संपल्यावर तेच पुन्हा वाचलं, दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून पाठकोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. आज सगळ्या प्रकरणांची परीक्षा घेतली. पुन्हा वाचलेल्या प्रकरणांबद्दल सरासरी ३ मुद्दे लिहिता आले, मिटून आठवलेल्यांबद्दल ७. एका माणसाचा प्रयोग, परीक्षकही मीच. त्यावर फार भार टाकत नाही. पण रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हेच पाहिलं होतं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे. आठवड्यानं घेतली तर आठवून लिहिणारे पुढे. पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि ती ओळख आपण ज्ञान समजतो. माझ्या ४१ पुस्तकांची यादी करताना मीही प्रत्येक नाव ओळखलं होतं.

बैठकीची शेवटची पाच मिनिटं आता पुस्तक मिटून.

१२ सप्टेंबर

काल वहीचं शेवटचं पान उघडलं तेव्हा २० जूनची चिठ्ठी अजून तिथेच होती: उडी मारताना सगळं पुसट का दिसत नाही? मी ती विसरले नव्हते, पण शोधतही नव्हते. आज आकलनावरच्या एका पुस्तकात, दुसरंच काही वाचताना, उत्तर समोर आलं. उडीच्या क्षणापुरती मेंदू दृष्टीची संवेदनशीलता उतरवतो, आणि उडीच्या आधीचं नि नंतरचं स्वच्छ चित्र मधल्या पुसटपणाला झाकून टाकतं. एर्डमान आणि डॉज यांनी १८९८ मध्येच लिहून ठेवलंय की आरशासमोर उभं राहून एका डोळ्याकडून दुसऱ्या डोळ्याकडे पाहिलं, तर आपले डोळे हलताना आपल्याला कधीच दिसत नाहीत.

लेक शाळेतून आल्यावर तिला आरशापाशी नेलं. आधी मी, मग ती. तिनं खूप वेळ प्रयत्न केला. नाक आरशाला टेकेपर्यंत जवळ गेली.

"माझे हलतच नाहीयेत."

"हलतायत. मला दिसतायत."

"मग मला का नाही दिसत? मी तर इथेच आहे."

मी मेंदूचं सांगितलं. ती ऐकून घेऊन आत गेली. थोड्या वेळानं माझा फोन घेऊन, समोरचा कॅमेरा लावून, ओरडत बाहेर आली: "आई, यात दिसतायत! माझे मलाच दिसतायत!"

मी फोन हातात घेतला, स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे पाहिलं, मग उजव्याकडे. दिसले. उडी अगदी स्पष्ट दिसली.

उद्याची चिठ्ठी खुर्चीवर ठेवलीय, आज अक्षर तिचं आहे: 'आरशात दिसत नाहीत आणि फोनमध्ये दिसतात, असं का?'